महिरपीच्या वळणावर बीडिंग कसं काढावं

सरळ फळीच्या कडेला बीडिंग काढणं हे शिकाऊ सुतारालाही जमतं. तीच नक्षी देव्हाऱ्याच्या महिरपीवर, गोल टेबलाच्या कडेला किंवा आरशाच्या लंबगोल चौकटीवर काढायची म्हटली की मात्र मुरलेला कारागीरही आधी थांबून विचार करतो. नक्षी तीच असते, पण वळणावर तीन गोष्टी बदलतात. लाकडाच्या रेषा, म्हणजे त्याचे तंतू, सरळच जात राहतात आणि कड मात्र वळते. हत्याराचा टेकू, म्हणजे कडेला लागून सरकणारा भाग, सरळ असतो, त्यामुळे तो वळणावर नीट बसत नाही. आणि कडेला राहिलेला बारीकसा उंचवटाही बीडिंगमध्ये ठळक उठून दिसतो. या तीन गोष्टी समजल्या की हत्यार कुठलं घ्यायचं आणि ते कुठून कुठे चालवायचं, हे आपोआप कळायला लागतं.

इथे बाजारात मिळणाऱ्या तयार बीडिंग पट्टीची गोष्ट नाही. ती चिकटवायची असते आणि तिच्याबद्दल पुढे थोडं येईल. इथे त्याच लाकडातून कोरून काढलेल्या बीडिंगबद्दल लिहिलं आहे. त्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे अर्धवर्तुळाकार उंचवटा, ज्याला आपण गोलवा म्हणू. दुसरी म्हणजे त्याच्या शेजारून जाणारी बारीक खाच. नजरेला दिसतो तो गोलवा, पण त्याला उठाव येतो तो खाचेतल्या सावलीमुळे. गोलवा ६ मिमी रुंद असेल तर खोली त्याच्या निम्मी, म्हणजे ३ मिमी हवी. २ मिमीवर थांबलं तर गोलवा चपटा आणि झिजल्यासारखा दिसतो. खाच साधारण १.५ मिमी रुंद ठेवावी. १ मिमीपेक्षा बारीक खाच कोरताना देखणी वाटते, पण पॉलिशच्या दोन-तीन हातांत ती बुजून जाते.

उदाहरणासाठी एक काम धरू. सागवानी देव्हाऱ्याची महिरप, जाडी २० मिमी, गाळा (आतली मोकळी जागा) ६०० मिमी रुंद. मधली कमान ३०० मिमी त्रिज्येची आणि तिच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी त्रिज्येच्या दोन पाकळ्या. कमान आणि पाकळी जिथे मिळतात तिथे लाकडाचं टोक गाळ्यात पुढे आलेलं आहे. जुन्या वाड्यांत सुरूच्या झाडासारख्या घडवलेल्या खांबांमध्ये बसवलेल्या महिरपींची ठेवण साधारण अशीच असते. बीडिंग काढायचं आहे दर्शनी बाजूवर, गाळ्याच्या कडेला अगदी लागून.

आधी लाकूड, मग हत्यार

सगळी महिरप एकाच रुंद फळीतून कापली तर लाकडाच्या रेषा काही ठिकाणी कडेबरोबर जातात आणि काही ठिकाणी तिला आडव्या कापून बाहेर पडतात. जिथे त्या आडव्या बाहेर पडतात तिथे तंतू आखूड राहतात. अशा जागी ६ मिमीचा गोलवा म्हणजे एकमेकांना जेमतेम धरून असलेले तुकडेच. कोरताना तो टिकला तरी पॉलिश पेपर फिरवताना किंवा पुढे कधी पुसताना त्याची ढलपी उडते.

यावरचा उपाय जुनाच आहे: महिरप तुकड्यांची करायची आणि प्रत्येक तुकड्याच्या रेषा शक्य तितक्या वळणाच्या दिशेने ठेवायच्या. हिशेब सोपा आहे. पूर्ण अर्धवर्तुळ दोन तुकड्यांत केलं तर तुकड्याच्या टोकाशी रेषा आणि कड यांच्यातला कोन ४५ अंश होतो. तीन तुकड्यांत ३० अंश, चार तुकड्यांत साडेबावीस अंश. ३० अंशांपर्यंत काम बिनधास्त करता येतं. ४५ अंशांच्या आसपास गोलवा जाड ठेवावा आणि हात हलका ठेवावा. आपल्या उदाहरणात मधल्या कमानीचा तुकडा ३०० मिमी लांबीचा असेल तर तो ३० अंशांत बसतो. लहान पाकळ्यांत मात्र कोन ४५ अंशांपर्यंत जातोच, म्हणून जपायची जागा तीच.

तुकडे आधी जोडून घ्यावेत आणि बीडिंग नंतर, एकसंध काढावं. वेगवेगळ्या तुकड्यांवर बीडिंग काढून मग ते जोडले तर सांध्यावर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही खाचेत लगेच दिसतो, आणि तिथे घासून जुळवायला जागाच नसते. सागवान तेलकट असतं, म्हणून सरस लावण्याआधी सांध्याचे पृष्ठभाग थिनरने पुसून लगेच जोडावेत.

आता कड. फर्मा, म्हणजे महिरपीच्या आकाराचा नमुना, ६ मिमी एमडीएफचा (भुसा दाबून केलेल्या फळीचा) करावा. त्याची कड बोटाने आणि नजरेने तपासून पूर्ण सुबक झाल्याशिवाय लाकडाला हात लावू नये, कारण फर्म्यावरचा उंचवटा लाकडावर जातो आणि लाकडावरचा बीडिंगमध्ये. जिगसॉ किंवा बँडसॉ या यंत्र-करवतीने आखलेल्या रेषेबाहेर २ मिमी ठेवून कापावं, मग फर्म्याला धरून राउटरने (वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या यंत्राने) किंवा कानस-रंध्याने रेषेपर्यंत यावं. कड दर्शनी बाजूशी काटकोनात आहे का, ते दर १०० मिमीवर गुण्या लावून पाहावं. काटकोन नसेल तर हत्यार कलतं आणि खाच कुठे खोल, कुठे उथळ होते.

एक चूक फार ठिकाणी दिसते. कड गुळगुळीत करताना पॉलिश पेपर कोपऱ्यावरून फिरवला जातो आणि कडेची धार गोल होते. बीडिंगचा बाहेरचा अर्धा भाग त्याच धारेतून घडायचा असतो. ती आधीच गेली तर गोलव्याची बाहेरची बाजू कधीच पूर्ण होत नाही. म्हणून कड फक्त १२० नंबरच्या पेपरने, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासावी आणि धार शाबूत ठेवावी.

रंधा का चालत नाही

सरळ कडेसाठी नक्षीचा रंधा उत्तम. त्याचा तळ साधारण २४० मिमी लांब असतो. तो ३०० मिमी त्रिज्येच्या खोलगट कडेला लावला तर तळाची दोन टोकं कडेला टेकतात आणि मध्ये, जिथे पातं असतं तिथे, २५ मिमीची पोकळी राहते. पातं लाकडापर्यंत पोचतच नाही. फुगीर कडेला तो एकाच बिंदूवर टेकतो आणि पुढेमागे डुलत राहतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रंध्याचं पातं तिरकं असतं आणि पाचरीसारखं लाकडात घुसतं. तंतू त्याच्या दिशेने खाली उतरत असले की पातं पुढे जाण्याआधीच लाकूड फाटत जातं आणि ढलपी निघते. सरळ फळीवर आपण फळी फिरवून घेतो आणि काम भागतं. वळणावर मात्र रेषांची दिशा दर थोड्या अंतरावर उलटते. पूर्ण गोल टेबलाच्या कडेला एकाच दिशेने हत्यार फिरवलं तर चार चतकोरांपैकी दोन चतकोर सुलट आणि दोन उलट येतात.

म्हणून वळणावर कापणारं नाही, खरवडणारं हत्यार लागतं. पातं लाकडाला जवळजवळ काटकोनात उभं असलं की ते तंतू उचलत नाही, धारेपाशीच तोडत जातं. काम सावकाश होतं, पण फाटत नाही. शिवाय दोन्ही दिशांनी चालवता येतं, आणि वळणावर हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने ६६ नंबरचं बीडिंगचं हातहत्यार १८८६ मध्ये याच तत्त्वावर बाजारात आणलं. ओतीव लोखंडाचं, दोन्ही बाजूंना मुठी असलेलं. त्याच्याबरोबर दोन टेकू मिळत: एक सरळ कडेसाठी आणि एक वळणदार कडेसाठी. दुसरा टेकू दिला होता त्यामागे कारण होतं, ते पुढे पाहू.

खरवडणी घरीच करा

असं हत्यार विकत घेण्याची गरज नाही. शिसम, बाभूळ किंवा तशाच कठीण लाकडाचे १२ मिमी जाडीचे दोन एकसारखे तुकडे घ्यावेत. आकार काटकोनी, एक पाय १५० मिमी आणि दुसरा ७५ मिमी. लांब पाय म्हणजे मूठ, तो लाकडाच्या दर्शनी बाजूवर सरकतो. आखूड पाय म्हणजे टेकू, तो कडेला लागून खाली उतरतो. दोन तुकड्यांमध्ये पातं धरून तीन स्क्रूंनी आवळायचं, की खरवडणी तयार.

पात्यासाठी जुन्या हातकरवतीचा पत्रा सगळ्यात चांगला. तो ०.८ ते १ मिमी जाड असतो, कानशीने घासता येतो आणि धारही धरतो. साधारण २५ बाय ५० मिमीचा तुकडा कापावा. ग्राइंडरने कापताना वरचेवर पाण्यात बुडवावा, कारण पत्रा निळा पडला म्हणजे त्याचा कडकपणा गेला, आणि मग धार दोन फेऱ्यांत जाते. हॅकसॉचं लवचिक पातं वापरणारे आहेत, पण त्याचे फक्त दातच कडक असतात, मागचा भाग मऊ असतो. सागवानात त्याचा निभाव लागत नाही. सागवानात सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार लवकर खाते.

आता पात्यावर गोलव्याचा उलटा आकार घासायचा. ६ मिमीच्या गोलव्यासाठी ५.५ मिमीची गोल कानस घ्यावी आणि खोबण हळूहळू रुंदावत ६ वर आणावी. चेनसॉच्या साखळीला धार लावायची कानस इथे सोयीची पडते, कारण ती टोकापर्यंत एकाच जाडीची असते. नेहमीची गोल कानस टोकाला निमुळती होत जाते आणि खोबणही तिरकी करते. आधी पात्यावर मार्करने काळा रंग देऊन आकार टोकदार सुईने आखून घ्यावा. कानस पात्याच्या पृष्ठभागाशी काटकोनात धरावी, तिरकी धार करू नये. तिरकी केली तर हत्यार एकाच दिशेने चालतं. खोबण ३ मिमी खोल झाली की तिच्या एका बाजूला १.५ मिमी रुंदीचा दात ठेवावा. खाच हाच दात कोरणार. दात टोकाकडे किंचित निमुळता हवा. टोकाला रुंद राहिला तर खाचेत अडकतो आणि तिच्या भिंती कुरतडतो. शेवटी पात्याच्या दोन्ही सपाट बाजू ऑइल स्टोनवर घासून कानशीची कोर काढून टाकावी. धार त्या घासण्यानेच येते.

पातं बसवताना खोबणीचं दाताविरुद्धचं टोक टेकूच्या पृष्ठभागाशी अगदी बरोबर जुळवावं. खोबण टेकूच्या बाजूला १ मिमी सरकली तर गोलवा १ मिमी अरुंद होतो आणि त्याची बाहेरची बाजू गोल न होता सपाट राहते. उलट बाजूला सरकली तर कडेला १ मिमीची उभी कोर शिल्लक राहते. खाली पातं ३ मिमी बाहेर काढावं. पूर्ण खोली झाली की मुठीचा तळ आणि खोबणीचा माथा एकाच वेळी लाकडाला टेकतात आणि हत्यार आपोआप कापायचं थांबतं.

टेकूचा आकार: सगळी मेख इथेच

बहुतेक बिघाड टेकूत असतो, पात्यात नाही. ५० मिमी रुंद सरळ टेकू ३०० मिमी त्रिज्येच्या खोलगट कडेला लावला तर त्याची दोन टोकं टेकतात आणि मध्ये १ मिमी फट राहते. म्हणजे पातं हवं त्यापेक्षा १ मिमी बाहेर. हाच टेकू १०० मिमी त्रिज्येच्या पाकळीत आला की फट ३ मिमीच्या वर जाते. ६ मिमीच्या गोलव्याचा निम्मा भाग हवेत जातो. एका महिरपीवर कमानीपासून पाकळीकडे जाताना बीडिंग बारीक होत गेलेलं दिसलं, तर कारण बहुधा हेच असतं, आणि कारागीर मात्र आपल्या हाताला दोष देत बसतो.

म्हणून खोलगट कडेसाठी टेकूचा कडेला लागणारा पृष्ठभाग गोल हवा, आणि त्याची गोलाई महिरपीतल्या सगळ्यात लहान वळणापेक्षाही लहान हवी. आपल्या कामात ती ४० ते ५० मिमी त्रिज्येची ठेवली की पुरते. असा टेकू कमान असो की पाकळी, एकाच बिंदूवर टेकतो. तो बिंदू पात्याच्या नेमका समोर आला पाहिजे. तसा असला की हात थोडा तिरका झाला तरी खाचेची जागा हलत नाही. बिंदू पात्याच्या ५ मिमी पुढे किंवा मागे असेल तर हाताच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर खाच नागमोडी होते.

फुगीर कडेला, म्हणजे गोल टेबलासारख्या ठिकाणी, गोष्ट वेगळी. त्रिज्या सगळीकडे एकच असेल तर टेकूला मध्ये खोलगट करून दोन टोकांवर टेकू द्यावं, पातं दोन्हींच्या बरोबर मध्ये. हत्यार डुलत नाही आणि काम झपाट्याने होतं. लंबगोल आरशाला मात्र हा टेकू चालत नाही, तिथे त्रिज्या बदलत राहते. तिथे पुन्हा एका बिंदूवर टेकणारा गोल टेकूच घ्यावा.

टेकूवर मेण घासून ठेवावं. कोरडा टेकू सागवानाच्या कडेवर काळपट रेघा उठवतो.

प्रत्यक्ष कोरताना

महिरप टेबलावर दोन ठिकाणी क्लॅम्पने पक्की बांधावी, गाळ्याची कड टेबलाबाहेर राहील अशी, म्हणजे टेकूला खाली उतरायला जागा मिळते. सुरुवातीच्या फेऱ्यांत खोली घ्यायचीच नाही. फक्त खाचेची रेघ उमटवायची. सगळा जोर आडवा, टेकू कडेला दाबून धरण्यावर. खालचा दाब अगदी नाममात्र. या पहिल्या रेघेत चूक झाली तर पुढे दात त्याच चुकीच्या रेघेत जात राहतो आणि ती दुरुस्त होत नाही.

ज्या जागी रेषा आडव्या येतात तिथे खाचेच्या दोन्ही कडांवर आधी धारदार सुरीने १ मिमी खोल रेघ मारून घ्यावी. तंतू तिथेच तुटतात आणि दात त्यांना उपटून बाहेर काढत नाही. रेघ मारण्यासाठी खरवडणीच्याच टेकूसारखा गोल टेकू असलेला ठोकळा करून त्यात सुरी बसवली की वळणाबरोबर नेमकी जाते.

मग ५० ते ७५ मिमीच्या आखूड फेऱ्या. दूरच्या टोकापासून सुरू करून मागे मागे यावं. हत्यार ज्या दिशेने ओढतो किंवा ढकलतो त्या दिशेला मूठ १० ते १५ अंश कलती ठेवली की धार सौम्य लागते. दिशेचा नियम असा: खोलगट वळणात दोन्ही टोकांकडून वळणाच्या तळाकडे, फुगीर वळणात माथ्याकडून दोन्ही टोकांकडे. प्रत्येक तुकड्याच्या रेषा त्याच्या वळणाच्या साधारण दिशेने ठेवल्या आहेत असं धरून हा नियम आहे. तुकड्यांच्या सांध्यावर रेषा बदलतात, तिथे पुन्हा पाहून घ्यावं. खरवडणी दोन्हीकडे चालते म्हणून हात नुसता उलटा फिरवायचा, लाकूड सोडायचं नाही.

पात्याखालून काय निघतं आहे त्याकडे लक्ष ठेवावं. कापसासारखा मऊ, बारीक कीस निघत असेल तर सगळं ठीक. नुसता भुसा पडायला लागला की धार गेली. पातं काढून त्याच्या दोन्ही सपाट बाजू दगडावर घासाव्यात आणि पुन्हा बसवावं. खोबणीत कानस घालू नये, नाहीतर आकार बदलतो. सागवानात एका महिरपीत हे दोन-तीनदा करावं लागतं. कंटाळून बोथट पात्याने जोर लावला की ते थरथरतं आणि गोलव्यावर आडव्या लाटा उठतात. लाटा उठल्याच तर मूठ जास्त कलती करून, अगदी हलक्या हाताने, उलट दिशेने चार फेऱ्या माराव्यात.

टोकाशी काय करायचं

कमान आणि पाकळी मिळतात ते टोक हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. तिथे हत्यार टोकापर्यंत नेलं तर काय होतं ते नीट समजून घ्या. कमानीच्या कडेपासून ६ मिमी आत खाच आहे. तीच खाच सरळ पुढे नेली तर ती पाकळीच्या गोलव्याला आडवी कापत टोकाच्या पलीकडच्या कडेला बाहेर पडते. पाकळीच्या बाजूनेही तसंच. दोन्ही गोलवे टोकाशी तुटतात आणि टोकावर एक सुटा तुकडा उरतो, जो हमखास उडतो. राउटर वापरला तरी हेच होतं.

म्हणून टोकाला कोनाची मध्यरेषा आधी पेन्सिलने आखून घ्यावी. दोन्ही बाजूंच्या खाचा या रेषेवर एकमेकींना मिळायला हव्यात आणि तिथेच थांबायला हव्यात. टोकाचा कोन ९० अंश असेल तर हे ठिकाण टोकापासून कडेवर मोजून साधारण साडेसात मिमीवर येतं. कोन ६० अंशांचा असेल तर साधारण १३ मिमीवर. टोक जितकं निमुळतं तितकं लवकर थांबायचं. खरवडणी त्याच्या ३-४ मिमी आधीच थांबवावी आणि उरलेलं हाताने कोरावं.

हे कोरायला ३ मिमीची सरळ पटाशी आणि ६ ते ८ मिमीची गोल पटाशी पुरेत. आधी मध्यरेषेवर सरळ पटाशी उभी धरून हलका छेद द्यावा, हातोडी नको, तळहाताचा दाब पुरतो. मग दोन्ही खाचा त्या छेदापर्यंत आणाव्यात, प्रत्येक वेळी छेदाकडे कापत जावं, छेदापासून दूर नाही. गोलव्याची गोलाई देण्यासाठी गोल पटाशी पालथी धरावी, पोकळ बाजू खाली, म्हणजे तिची पोकळीच गोलव्याचा आकार देते. दोन्ही गोलवे मध्यरेषेवर धारदार कोनात भेटले पाहिजेत, चौकटीच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटाव्यात तसे. महिरपीचं काम कसं झालं आहे, ते जाणकार इथे बघूनच ठरवतात, म्हणून एका टोकाला अर्धा तास गेला तरी घाई करू नये.

राउटर कुठे वापरावा

राउटरने हे काम नक्कीच जलद होतं. बेअरिंगवालं बीडिंग बिट, म्हणजे राउटरचं बीडिंगच्या आकाराचं पातं, घेतलं की बेअरिंग कडेला एकाच बिंदूवर टेकतं, म्हणजे टेकूची अडचण आपोआप सुटते. १२.७ मिमीचं बेअरिंग ६.३५ मिमी त्रिज्येपर्यंतच्या आतल्या वळणात जातं. पाकळ्यांना त्याचा काहीच त्रास नाही. अडचण उरते ती रेषांची. बिट मिनिटाला हजारो फेरे घेत असलं तरी शेवटी ते तंतू उचलूनच कापतं, आणि उलट रेषेत ढलपी काढतं.

राउटर हातात धरून काम करताना दिशा पाळावीच लागते. वरून पाहिलं तर आतल्या कडेला, म्हणजे गाळ्यात, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. बाहेरच्या कडेला, म्हणजे गोल टेबलाभोवती, काट्यांच्या उलट. असं नेलं की बिट आपल्या गतीला विरोध करतं आणि राउटर ताब्यात राहतो. उलट नेला तर तो पुढे झेपावतो. एकदम ३ मिमी खोल जाऊ नये, एकेक मिलिमीटर करत तीन फेऱ्यांत जावं. असं बिट साधारण २८ मिमी व्यासाचं असतं, त्याला मिनिटाला १८,००० फेऱ्यांच्या वर वेग नको. वळण बदलताना हात नकळत मंदावतो आणि तिथेच लाकूड जळून काळं पडतं. खाचेच्या तळाशी पडलेला हा डाग काढणं फार कठीण, म्हणून शेवटची फेरी न थांबता एका लयीत पूर्ण करावी. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच, हातमोजे आणि सैल बाह्या नकोत. राउटर टेबलावर ३०० मिमीपेक्षा लहान तुकडे नुसत्या हाताने धरून करू नयेत, ते मोठ्या फळीला बांधून घ्यावेत.

आमचं मत विचाराल तर सगळ्यात चांगली पद्धत दोन्हींची सांगड घालण्याची आहे. राउटरने अडीच मिमीपर्यंत जावं, टोकांपासून १५ मिमी आधी थांबावं, आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर खरवडणीने घ्यावा. त्यातच उलट रेषेच्या बारीक ढलप्या आणि जळके डाग निघून जातात. यासाठी खरवडणीचं पातं बिटाच्या आकाराशी तंतोतंत जुळलं पाहिजे. ही बिटं बहुतेक इंचात येतात. पाव इंची म्हणजे ६.३५ मिमी, ६ नव्हे. टाकाऊ तुकड्यावर बिट चालवून त्याचा आडवा काप घ्यावा आणि पात्यावर तोच ठेवून आखावा.

कोरू नये तेव्हा

प्लायवर हे काम करू नये. तिच्यात एकाआड एक थर आडवा असतो आणि प्रत्येक आडवा थर गोलव्यात फुटतो. एमडीएफमध्ये रेषा नसतात, पण खाचेच्या कडा केसाळ राहतात. रंग द्यायचा असेल तर कोरल्यावर पातळ सीलर मारून, वाळवून, २४० नंबरने घासावं. प्लायला वेगळी पट्टी लावणंच बरं. ३ मिमी जाड पट्टी ३०० मिमी त्रिज्येला थंडच वाकते. १०० मिमीच्या पाकळीत ती तडकेल, तिथे दीड मिमीपेक्षा पातळ दोन-तीन पट्ट्या सरस लावून फर्म्यावर एकत्र वाकवाव्यात. तयार गोल बीडिंग पट्टी वळणावर पिळते आणि तिचा माथा एका बाजूला कलतो, म्हणून शक्यतो चौकोनी पट्टी आधी वळणावर बसवावी आणि गोलाई नंतर तिच्यावर खरवडणीने द्यावी.

पॉलिशआधी

गोलवा घासायला बोटावर गुंडाळलेला पॉलिश पेपर वापरू नये. तो माथा चपटा करतो आणि खाचेच्या कडा गोल करतो. टाकाऊ तुकड्यावर काढलेल्या बीडिंगला पातळ प्लास्टिक लावून त्यावर गाडीची पुट्टी थापावी. ती कडक झाली की तिच्यात उलटा आकार उतरलेला मिळतो. त्यात पेपर बसवून १८० आणि मग २४० नंबरने, वळणाबरोबर चारदोन हात पुरतात. पुट्टीचा ठोकळा ३० मिमीपेक्षा लांब नको, नाहीतर पाकळीत बसणार नाही. खाचेसाठी २४० नंबरचा पेपर दुमडून त्याची घडी फिरवावी.

लाखेचं पॉलिश किंवा लॅकर खाचेत साचतं आणि वाळल्यावर चकचकीत रेघेसारखं दिसतं. प्रत्येक हातानंतर लगेच कोरडा बारीक ब्रश खाचेतून ओढून जास्तीचं उचलून घ्यावं, टोकांच्या कोनात तर दोनदा.